तवा पुढच्या खोलीत

मी अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात आले २००१ साली. त्या पहिल्या हिवाळ्यात रात्री अकरानंतर उघडी आणि विद्यार्थ्याच्या खिशाला परवडेल अशी एकच जागा मला ठाऊक होती: हाय स्ट्रीटवरची, किल्ल्यासारखी दिसणारी छोटी पांढरी इमारत. नाव व्हाइट कॅसल. मी ओहायो स्टेट विद्यापीठात अन्नतंत्रज्ञान शिकत होते. प्रयोगशाळेतलं काम लांबायचं, बस चुकायची, आणि पुढची बस येईपर्यंत त्या थंडीत बाहेर उभं राहवायचं नाही. मग मी आत जाऊन कॉफी आणि कांद्याच्या तळलेल्या चकत्या घ्यायचे. बर्गर घेत नसे, कारण तो गाईच्या मांसाचा, आणि ते मी तेव्हाही खात नव्हते, आजही खात नाही. पण बसायचे मात्र नेहमी अशा जागी, की जिथून तवा दिसेल.

तव्यावर आधी कांदा पडतो. बारीक चिरलेला, पाण्यानं ओला झालेला कांदा सगळ्या तव्यावर पसरायचा. त्यावर खिम्याच्या पातळ चौकोनी पॅटी, एकीला एक लागून, जात्यावर बसलेल्या बायकांसारख्या जवळजवळ. प्रत्येकीत पाच भोकं, चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक. त्या पॅटी कुणी उलटत नाही. खालून कांद्याची वाफ उठते, भोकांतून वर येते, आणि वर ठेवलेला पाव ती वाफ पिऊन मऊ होतो. याला भाजणं म्हणता येत नाही, उकडणंही म्हणता येत नाही. आपण कोबीच्या भाजीवर पाण्याचं झाकण ठेवून ती अंगच्या वाफेवर शिजवतो, त्याच्या जवळचं हे काहीतरी आहे. पॅटी शिजली की उलथनं कांद्यासकट तिच्याखाली सरकतं, लोणच्यातल्या काकडीची एक चकती आत जाते, आणि तळहातावर मावेल एवढा तो बर्गर छोट्या पुठ्ठ्याच्या खोक्यात बसतो. मग तव्यापाशी उभा असलेला पोरगा तवा खरवडतो, पुसतो, आणि पुन्हा कांदा.

हे बघत मी तासतासभर बसलेली आहे. वास कांद्याचा यायचा, आणि तो वास मला थेट सांगलीला घेऊन जायचा.

आमची खानावळ होती. हॉटेल वगैरे नव्हे. घरातल्याच दोन खोल्या. मागच्या खोलीत स्वयंपाक, पुढच्या खोलीत दोन लांब टेबलं, आणि महिन्याचे पैसे आगाऊ देऊन जेवणारी पंधरा-वीस कॉलेजची मुलं. मी चौथीत असताना कुणीतरी उठवून दिलं की या बाई उरलेली भाजी दुसऱ्या दिवशी फोडणी घालून वाढतात. आठवड्याभरात सात मुलं गेली. आई कुणाशी भांडली नाही, कुणाला बोलावून खुलासा केला नाही. एका रविवारी तिनं शेजारच्या काकांना हाताशी घेतलं आणि शेगडी, तवा, परात, पोळपाट, भाज्यांची टोपली, सगळं उचलून पुढच्या खोलीत आणलं. जेवणाऱ्यांच्या समोर, भिंतीला लागून. उन्हाळ्यात त्या खोलीत बसवत नसे इतका उकाडा व्हायचा. पण कणीक मळलेली दिसायची, भाजी चिरलेली दिसायची, आणि रात्री घासून पालथी घातलेली रिकामी पातेलीही दिसायची. दिवाळीनंतर सातातली पाच मुलं परत आली.

तिची आणखी एक सवय होती. बाहेर कुठं खायला गेलो, की खुर्चीत बसता बसता ती टेबलाच्या कडेखालून बोट फिरवायची आणि मग बोटाकडे बघायची. वरून टेबल सगळेच पुसतात, असं ती म्हणायची.

व्हाइट कॅसलची गोष्ट मी पहिल्यांदा नीट वाचली, तेव्हा मला आईची ती शेगडी दिसली. पुढची काही वर्षं मी ही गोष्ट सोडली नाही, याचं कारण एवढंच आहे.

गोष्ट कॅन्सस राज्यातल्या विचिटा गावापासून सुरू होते. वॉल्टर अँडरसन नावाचा आचारी. कुठं भांडी घास, कुठं स्वयंपाक कर, अशी बरीच वर्षं काढल्यावर त्यानं १९१६ साली स्वतःचं चिमुकलं दुकान टाकलं. विकायला एकच मुख्य पदार्थ, हॅम्बर्गर, किंमत पाच सेंट. असं सांगतात की तो आधी मांसाचे गोळे करून भाजायचा, आणि ते शिजायला फार वेळ घेतात म्हणून वैतागून एकदा त्यानं गोळा उलथन्यानं तव्यावर दाबून चपटा केला. नेमकं असंच घडलं का, हे सोडून देऊ. तव्यासमोर उभं राहणाऱ्या कुणालाही हे पटेल. चपटा गोळा पटकन शिजतो, सगळीकडून सारखा शिजतो. त्याच्याखाली कांदा घालायचा. आणि साध्या पावाच्या कापांऐवजी खास या पॅटीसाठी केलेला, रस शोषून घेऊनही न फाटणारा गोल पाव. आज जगभर ज्याला बर्गरचा बन म्हणतात, त्याचं श्रेय बहुतेक जण या अँडरसनला देतात.

पण ही झाली पाककृती. माझं लक्ष वेधलं ते दुसऱ्या गोष्टीनं. अँडरसननं तवा लोकांच्या नजरेसमोर ठेवला होता.

ते का करावं लागलं, हे कळायला खिम्याचा विचार करावा लागतो. मांसाचा तुकडा समोर असला की तो ताजा आहे की शिळा, कुठल्या भागाचा आहे, हे जाणत्या डोळ्याला कळतं. एकदा खिमा केला की त्यात काय गेलं ते फक्त करणाऱ्यालाच ठाऊक. त्या काळी अमेरिकेत हॅम्बर्गर हे जत्रेतलं, कारखान्याच्या फाटकाबाहेरच्या गाड्यांवरचं खाणं होतं. कसायाकडे दिवसभरात उरलेलं, वास मारू लागलेलं मांस खिम्यात जातं, रंग टिकावा म्हणून त्यावर काहीबाही मारतात, असा बोलबाला होता, आणि तो सगळाच खोटा नव्हता. त्यात १९०६ साली अप्टन सिंक्लेअरची ‘द जंगल’ ही कादंबरी आली. शिकागोच्या कत्तलखान्यांत राबणाऱ्या स्थलांतरित कामगारांचे हाल लोकांना कळावेत म्हणून त्यानं ती लिहिली होती. लोकांनी वाचलं काय, तर आपल्या ताटात काय येतं ते. त्याच वर्षी जूनमध्ये मांस तपासणीचा आणि शुद्ध अन्न व औषधांचा, असे दोन कायदे झाले. कायदा होतो एका दिवसात. पोटात बसलेली किळस जायला पिढी जावी लागते. सुखवस्तू घरातली माणसं हॅम्बर्गरला हात लावत नसत.

अँडरसन गोमांस दिवसातून दोनदा ताजं मागवायचा आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत भाजायचा. एवढंच. पाचेक वर्षांत त्याची तीन दुकानं झाली.

चौथ्या दुकानासाठी जागा बघताना त्याची गाठ पडली एडगर वॉल्डो इन्ग्रॅमशी. सगळे त्याला बिली म्हणत. धंदा विम्याचा आणि घरं-जागा मिळवून देण्याचा. जागामालक हॅम्बर्गरवाल्याला जागा द्यायला कचरत होते, तेव्हा बिलीनं मध्यस्थी केली, आणि मग स्वतःच भागीदार झाला. १९२१ साली दोघांनी ७०० डॉलर कर्ज काढलं. ते नव्वद दिवसांत फेडलं. सिमेंटच्या ठोकळ्यांची छोटी इमारत, आत काउंटर आणि पाच स्टुलं. नाव ठेवलं व्हाइट कॅसल. पांढरा रंग स्वच्छतेचा. किल्ला मजबुतीचा, टिकून राहण्याचा. किल्ल्याचा नमुना कुठला, तर शिकागोचा वॉटर टॉवर. १८७१च्या आगीत शिकागो जळून खाक झालं, त्यात जी थोडी बांधकामं उभी राहिली त्यांतलं हे एक. त्याचे कंगोरे आणि बुरूज या इवल्याशा दुकानावर आले. अमेरिकेतली हॅम्बर्गरची पहिली साखळी इथून सुरू झाली.

मला यातला विचार फार आवडतो. माणूस दुकानात शिरण्याआधी, दुरून, रस्त्यावरूनच त्याच्या मनातल्या शंकेला उत्तर मिळालं पाहिजे, हे बिलीला कळलं होतं. पांढऱ्या भिंतीवर डाग लपत नाही. पांढरा रंग लावणं म्हणजे रोज पुसण्याची जबाबदारी अंगावर घेणं. अँडरसननं तवा पुढं आणला. बिलीनं सगळं दुकानच तव्यासारखं उघडं करून ठेवलं.

नऊ-दहा वर्षांत साखळी विचिटापासून न्यूयॉर्कपर्यंत गेली: ओमाहा, कॅन्सस सिटी, सेंट लुइस, मिनिॲपोलिस, कोलंबस, डेट्रॉइट, शिकागो. गावं वाढली तसा एक नवा प्रश्न उभा राहिला, आणि तो मला सगळ्यात जवळचा वाटतो. एका दुकानात अँडरसन स्वतः तव्यावर उभा असतो, त्याचा चेहरा लोकांच्या ओळखीचा असतो. हजार मैलांवरच्या दुकानात अनोळखी पोरगा उभा असतो. विश्वास चेहऱ्यावरून काढून दुसऱ्या कशावर तरी ठेवायचा, तर तो कशावर ठेवायचा?

त्यांचं उत्तर होतं: सगळीकडे तंतोतंत सारखं. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीचं त्यांचं एक माहितीपत्रक आहे. त्यातला मजकूर थोडक्यात असा, की तुम्ही इथं बसला आहात तेव्हा तुमच्यासारखीच हजारो माणसं ठिकठिकाणी अशाच स्टुलावर, अशाच काउंटरपाशी बसलेली आहेत. तुमची कॉफी ठरलेल्या प्रमाणात केली आहे, तुमचा हॅम्बर्गर तेवढ्याच आचेवर भाजला आहे. आज हे वाचून अंगावर काटा येणारी माणसं आहेत. सगळं सारखं म्हणजे बेचव, यंत्रासारखं, असं आपण मानतो. पण अन्नाला भ्यालेल्या माणसाच्या जागी बसून ते वाचा. परक्या शहरात उतरलेला कामगार, रात्रपाळी संपवून निघालेली परिचारिका. इथं काय मिळेल हे आधी ठाऊक असणं, यासारखा दिलासा नाही. कोलंबसच्या त्या पहिल्या हिवाळ्यात मला तो मिळाला, आणि मी तर बर्गर खातही नव्हते.

सारखेपणा तोंडानं सांगून येत नाही. बाजारात त्या वेळी अशा धंद्याला लागणारं तयार काहीच मिळत नव्हतं, म्हणून त्यांनी सगळं स्वतः करायला घेतलं. स्वतःच्या भट्ट्या, स्वतःचे मांसाचे कारखाने, स्वतःची गोदामं. गाई पाळणं आणि गहू पिकवणं तेवढं बाकी ठेवलं, असं लोक म्हणत. कापडी टोप्या धुऊन इस्त्री करून रोज शुभ्र ठेवणं जिकिरीचं, म्हणून कागदी टोप्या बनवणारं यंत्र तयार केलं आणि १९३२ साली त्यासाठी पेपरलिनन नावाची वेगळी कंपनीच काढली. पुढं ती इतरांनाही टोप्या विकू लागली. १९५५ साली तिनं सव्वाचार कोटींच्या आसपास टोप्या बनवल्या. आज खाण्याच्या दुकानात डोक्यावर कागदी टोपी दिसते, तिचं एक टोक इथं आहे.

आणि इमारती. १९३४ साली त्यांनी पोर्सिलेन स्टील बिल्डिंग्ज ही कंपनी काढली. पोलादाच्या पत्र्यावर इनॅमलचा पांढरा थर भाजून चढवायचा, असे तुकडे कारखान्यात बनवायचे, आणि जागेवर नेऊन जोडायचे. भाडेपट्टा संपला की सुटे करून दुसरीकडे न्यायचे. मिनिॲपोलिसमध्ये १९३६ची अशी एक इमारत अजून उभी आहे. अठ्ठावीस फूट लांब, तेवढीच रुंद, कोपऱ्यात बुरूज, माथ्यावर कंगोरे. दोनदा जागा बदलून ती लिंडेल ॲव्हेन्यूवर आली, आणि अमेरिकेच्या ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत तिचं नाव आहे. आता तिथं हॅम्बर्गर मिळत नाही. एका परिषदेसाठी त्या शहरात गेले होते तेव्हा मुद्दाम वाट वाकडी करून बघून आले. आजूबाजूच्या विटांच्या इमारतींत ती एखाद्या खेळण्यासारखी दिसते. मी भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं. आपल्या घरातल्या इनॅमलच्या मगावर नख मारलं की जसा आवाज येतो, तसा बारीक आवाज आला. नऊ दशकांचं ऊनपाऊस आणि मिनेसोटाचा बर्फ खाऊन तो पांढरा रंग अजून पांढरा होता. थोडा वेळ मी तिथंच उभी राहिले.

अँडरसन यात शेवटपर्यंत राहिला नाही. त्याला विमानांचं वेड लागलं. विचिटा हे विमानं बनवणाऱ्यांचं गाव. तोही विमान उडवायला शिकला, दुकानांच्या भेटीला विमानानं जाऊ लागला, आणि १९३३ साली आपला हिस्सा बिलीला विकून मोकळा झाला. पुढच्या वर्षी मुख्य कचेरी कोलंबसला आली, कारण विचिटा आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये हे शहर सोयीचं. १९३८ साली विचिटातली दुकानंही गेली. जिथं हे सगळं जन्मलं, त्या गावाशी त्यांचा धागा तुटला. मला याचं वाईट वाटतं. धंद्याची कारणं असतील, पण वाईट वाटतं.

लोकांच्या मनातली शंका काढायला बिलीनं जे जे केलं, त्यातल्या एका प्रकरणावर मला अन्नतंत्रज्ञ म्हणून बोललंच पाहिजे. १९३० साली त्यानं मिनेसोटा विद्यापीठातल्या एका संशोधकाला पैसे देऊन प्रयोग करवून घेतला. एका वैद्यकीय विद्यार्थ्यानं तेरा आठवडे फक्त व्हाइट कॅसलचे हॅम्बर्गर आणि पाणी यांवर काढायचे. त्यानं काढले, शेवटी शेवटी तो दिवसाला वीसहून जास्त खात होता. प्रकृती ठणठणीत राहिली असा निष्कर्ष निघाला, आणि बिलीनं तो जाहिरातींत वापरला. याला शास्त्र म्हणता येत नाही. एका माणसावरून, तेही तीन महिन्यांत, आणि ज्याचा माल त्याच्याच पैशानं, असा निष्कर्ष काढायचा नसतो. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे उदाहरण वर्गात सांगते. तवा समोर मांडणं वेगळं आणि अहवाल समोर मांडणं वेगळं. तव्यावर काय चाललंय ते बघणाऱ्याला स्वतः पडताळता येतं, अहवालात तसं नसतं.

त्यामानानं १९३२ची गोष्ट मला जास्त पटते. मध्यमवर्गीय गृहिणी अजूनही दूर होत्या. बिलीनं एला लुईस ॲग्नील नावाच्या बाईंना नेमलं. त्या ‘जूलिया जॉइस’ या नावानं शहराशहरांतल्या महिला मंडळांत जायच्या, सोबत गरम बर्गरच्या पिशव्या न्यायच्या, बायकांशी घरखर्चाचं, जेवणाच्या आखणीचं बोलायच्या, आणि मग त्यांना जवळच्या दुकानात नेऊन स्वयंपाकाची जागा दाखवायच्या. मंदीचे दिवस होते, पाच सेंटला गरम मांसाहार मिळत होता. वर्तमानपत्रांत कुपनंही आली: कापून आणा, बर्गर स्वस्तात घरी न्या. पिशवी भरून न्या, हे त्यांचं घोषवाक्यच होतं. पण बायकांचा विश्वास कुपनांनी बसला असं मला वाटत नाही. आत येऊन कोपरे बघायला मिळाले म्हणून बसला.

नक्कल होणारच होती. १९२६ साली मिलवॉकीत व्हाइट टॉवर निघालं, तसंच पांढरं, तशीच पाच सेंटची किंमत, घोषवाक्याचंही वळण तेच. कोर्टात हेही बाहेर आलं की त्यांनी व्हाइट कॅसलचाच माणूस फोडून कामावर घेतला होता. निकाल व्हाइट कॅसलच्या बाजूनं लागला.

पांढऱ्या रंगाबद्दल मात्र आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाणं मला बरोबर वाटत नाही. १९६३च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात व्हाइट कॅसलसमोर निदर्शनं झाली. नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या कोअर या संघटनेचे कार्यकर्ते मागणी करत होते की इथं काळ्या माणसांनाही बरोबरीनं नोकऱ्या द्या. त्यांच्यासमोर गोऱ्यांचा जमाव जमला, शिवीगाळ झाली, गुलामगिरी टिकवण्यासाठी एकेकाळी देशातून फुटलेल्या दक्षिणेतल्या राज्यांचे झेंडे फडकले. हे मी वाचलं तेव्हा तो रंग माझ्या डोळ्यांसमोर जरा वेगळा झाला. उघडा तवा कुणासाठी उघडा होता? काउंटरच्या अलीकडे बसून खायला कुणाला मुभा होती, आणि पलीकडे उभं राहून भाजायची संधी कुणाला मिळत नव्हती? २००१मध्ये मी ज्यांना तवा खरवडताना बघत होते, त्यातली निम्म्याहून जास्त मुलं काळी होती. त्यांच्या आजोबांच्या पिढीला ती जागा भांडून मागावी लागली होती, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

त्याआधी दुसऱ्या महायुद्धानं साखळीला फार दमवलं होतं. मांसावर रेशन आलं, तरुण पोरं सैन्यात गेली. आतापर्यंत जिथं पुरुषच होते तिथं काउंटरमागं बायका उभ्या राहिल्या. बरीच दुकानं बंद करावी लागली. युद्धानंतर लोक मोटारी घेऊन शहराबाहेर राहायला गेले, आणि शहराच्या पोटातली, ट्रामच्या थांब्याजवळची ही छोटी दुकानं मागं राहिली. १९४८ साली कॅलिफोर्नियात मॅकडॉनल्ड बंधूंनी आपली झटपट पद्धत बसवली, १९५५पासून रे क्रॉक नावाच्या विक्रेत्यानं तिच्या फ्रँचायझी, म्हणजे त्याच नावानं दुकान चालवायचे परवाने, देशभर वाटल्या. इन्ग्रॅम कुटुंबानं अमेरिकेत फ्रँचायझी द्यायचं नाकारलं. दुकान आपलं, माणूस आपला, तरच तवा आपल्या शब्दाबाहेर जाणार नाही, ही त्यामागची धारणा. १९६१ साली शंभर कोटी हॅम्बर्गर विकणारी ती पहिली साखळी ठरली, तरी दुकानांची संख्या कधी हजारावर गेली नाही. आज साडेतीनशेच्या आसपास आहेत. मॅकडॉनल्डची चाळीस हजारांवर. या दोन आकड्यांकडे बघून कुणी म्हणेल की इन्ग्रॅम हरले. मला तसं वाटत नाही. बिली १९६६मध्ये गेला. नंतर मुलगा, नातू, आणि २०१५च्या अखेरीस कारभार पणती लिसा इन्ग्रॅमच्या हाती आला. घरातलं दुकान घरातच आहे.

पाच भोकांची युक्ती १९५०च्या दशकातली, आणि ती कुठल्या तज्ज्ञाची नव्हे. सिनसिनाटीच्या दुकानात तव्यावर काम करणाऱ्या एका माणसानं सूचनापेटीत चिठ्ठी टाकली होती: पॅटीला भोकं पाडली तर वाफ वर येईल, उलटायला नको, लवकर शिजेल. माझ्या विषयातलं उष्णतेचं वहन मी ज्या पुस्तकातून शिकले, त्याहून ही चिठ्ठी मला मोठी वाटते. रोज तव्यासमोर उभं राहणाऱ्यालाच ते सुचू शकतं.

२०१८ साली त्यांनी वनस्पतीजन्य ‘मांसा’चा स्लायडर आणला. स्लायडर हे त्या छोट्या बर्गरचं लाडकं नाव. सतरा वर्षं नुसता वास घेतल्यावर मी पहिल्यांदा खाल्ला. पाव मऊ होता, कांदा गोड होता, आणि घास घशाखाली जाईपर्यंत मला बोलायला सुचलं नाही.

पुढच्या वर्षी आई आली, ऑक्टोबरात. साडीवर माझा जाड कोट, पायात मोजे आणि बूट. मी तिला सगळी गोष्ट फोनवर आधीच कितीतरी वेळा सांगितली होती, त्यामुळं तीच म्हणाली, ते तव्याचं दुकान दाखव. तिला खायचं काहीच नव्हतं, एकादशी होती. आम्ही तव्यासमोरच्या टेबलाशी बसलो. ती बराच वेळ बघत होती. कांदा पसरला, पॅटी मांडल्या, वाफ वर आली, पाव बसले. तव्यापाशी काम करणाऱ्या मुलीनं सगळं उचललं, तवा खरवडला, फडक्यानं पुसला.

“दर खेपेला पुसतेय गं ती,” आई म्हणाली.

मग तिनं कोटाची बाही मागं सारली, टेबलाच्या कडेखालून बोट फिरवलं, आणि उजेडाकडे धरून बघितलं. बराच वेळ बघितलं. बोट पदराला पुसायचीसुद्धा गरज नव्हती.

“कॉफी चालते एकादशीला,” ती म्हणाली. “दोन सांग.”